हॅरी ब्रिअर्ली आणि न गंजणारें पोलाद

स्टेनलेस स्टीलचीं पातेलीं व ताटवाट्या आपण रोज हाताळतों. पण हा धातु घरगुती उपयोगांत प्रथम कोणीं आणला, हा विचार क्वचितच आपल्या मनांत येतो. ज्या गृहस्थानें तो आणला, त्याच्या विद्येचा आरंभ बाटल्या धुण्यापासून झाला होता. त्याचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या मातापितरांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

हॅरी ब्रिअर्ली यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८७१ रोजीं इंग्लंडांतील शेफील्ड शहरीं झाला. शेफील्ड म्हणजे सुऱ्या व कात्र्या यांचें शतकानुशतकांचें माहेरघर. हॅरीचे वडील पोलादाच्या भट्टीवर काम करीत. घर लहान, मुलें पुष्कळ आणि प्राप्ति बेताची. त्यामुळें बाराव्या वर्षीं हॅरीची शाळा सुटली व तो कामास लागला. लौकरच थॉमस फर्थ अँड सन्स या कारखान्याच्या रासायनिक प्रयोगशाळेंत त्यास बाटल्या धुण्याचें काम मिळालें. काम हलकें खरें. परंतु धुतलेल्या बाटलींत मागील पदार्थाचा लवलेश जरी उरला, तरी पुढचें पृथक्करण चुकतें. स्वच्छतेचा हा कठोर धडा घेत घेत, प्रयोगशाळेचे प्रमुख जेम्स टेलर यांच्या मार्गदर्शनाखालीं आणि रात्रीच्या वर्गांत अभ्यास करून, हा मुलगा पोलादाच्या पृथक्करणांत निष्णात झाला. पुढें कांहीं वर्षें रशियन साम्राज्यांतील रिगा येथें काम करून ते परतले, व १९०८ सालीं फर्थ आणि जॉन ब्राउन या दोन कंपन्यांनीं मिळून काढलेल्या संशोधनशाळेचे ते प्रमुख झाले.

१९१२ सालीं शस्त्रें बनविणाऱ्या एका कारखान्यानें त्यांच्यापुढें एक अडचण मांडली. रायफलींच्या नळ्या तप्त वायूंमुळें आंतून फार लवकर झिजत. अधिक उष्णता सोसणारें पोलाद हवें होतें, म्हणून ब्रिअर्लींनीं त्यांतील क्रोमियमचें प्रमाण वाढवून पाहिलें. १३ ऑगस्ट १९१३ रोजीं ओतलेल्या पोलादांत शेंकडा १२.८ भाग क्रोमियम व शेंकडा ०.२४ भाग कर्ब होता. पोलादाची अंतर्रचना सूक्ष्मदर्शकांतून पाहावयाची, तर त्याचा पृष्ठभाग आधीं अम्लानें थोडा झिजवावा लागतो. हें पोलाद मात्र अम्लास दाद देईना. लिंबाच्या रसानें व व्हिनेगरनेंहि त्यावर डाग पडेना. तेव्हां शेफील्डांत वाढलेल्या ब्रिअर्लींस बंदुकीची नळी नव्हे, तर जेवणाची सुरी आठवली. त्या काळच्या सुऱ्या आंबट रसानें काळ्या पडत. जेवणानंतर त्या भुकटीनें घासून कोरड्या करणें हें घरोघरचें न संपणारें काम होतें.

सुऱ्या बनविणाऱ्यांनीं मात्र प्रथम हे नमुने नापसंत केले. हें पोलाद घडविण्यास कठीण, असा त्यांचा अभिप्राय पडला. न कापणाऱ्या सुऱ्यांचा संशोधक अशी ब्रिअर्लींची थट्टाहि झाली. १९१४ सालीं मोस्ली यांच्या कारखान्यांतील अर्नेस्ट स्टुअर्ट यांनीं व्हिनेगर लावून परीक्षा पाहिली व स्टेनलेस, म्हणजे डाग न पडणारें, हें नांव सुचविलें. पहिले प्रयत्न फसले. ब्रिअर्लींनीं स्वतः जातीनें लक्ष घालून घडविण्याची योग्य रीत ठरविली, तेव्हां सुऱ्या साधल्या. पुढें शोधाच्या हक्कांवरून मालकांशीं मतभेद झाल्यानें त्यांनीं ती नोकरी सोडली. १९२० सालीं त्यांस बेसेमर सुवर्णपदक मिळालें. १९४१ सालीं त्यांनीं शेफील्डांत एक धर्मादाय निधि स्थापिला, आणि १४ जुलै १९४८ रोजीं टॉर्की येथें त्यांचें देहावसान झालें.

या धातूचें सर्व श्रेय त्यांचेंच, असें मात्र म्हणतां येत नाहीं. जर्मनींत क्रुप यांच्या कारखान्यांत स्ट्राउस व माउरर यांनीं १९१२ सालींच क्रोमियम व निकेल मिसळलेलें न गंजणारें पोलाद सिद्ध केलें होतें. १९२४ सालीं ब्रिअर्लींच्या मागून त्या संशोधनशाळेचे प्रमुख झालेल्या हॅटफील्ड यांनीं शेंकडा १८ भाग क्रोमियम व ८ भाग निकेल हें प्रमाण ठरविलें. उत्तम प्रतीच्या भांड्यांत आजहि तेंच आढळतें.

आपल्याकडे तांब्यापितळेचीं भांडीं चिंच व राख लावून घासावीं लागत आणि त्यांस आंतून कल्हई करावी लागे. स्टीलनें हे श्रम पुष्कळ वांचविले. परंतु नांवावरून कोणीं फसूं नये. या पोलादांतील क्रोमियमचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिसूक्ष्म थर बनतो, व तोच गंजास अडवितो. ओरखडा पडला तरी हवा मिळतांच तो थर पुन्हां भरून येतो. खरकटें व मीठ सांचून राहिलें, तर मात्र त्याखालीं बारीक खड्डे पडूं शकतात. म्हणून भांडें वापरल्यावर लौकर धुवावें व कोरड्या फडक्यानें पुसावें. मीठ थंड पाण्यांत न घालतां पाणी उकळल्यावर घालून ढवळावें. करपलेलें पातेलें खाण्याचा सोडा व गरम पाणी घालून भिजत ठेवावें, म्हणजे खरवडावें लागत नाहीं. क्षाराचे पांढरे डाग व आंचेनें उमटलेले निळे-तांबूस पट्टे लिंबानें किंवा व्हिनेगरनें जातात. लोखंडी तारेची घासणी टाळावी. तिचे कण भांड्यावर राहून गंजतात, आणि दोष विनाकारण भांड्यास येतो. ओटा पुसतांना धातूच्या रेषांच्या दिशेनें फडकें फिरवावें, आणि क्लोरीनयुक्त द्रव त्यावर राहूं देऊं नये.

निष्कलंक म्हणविणाऱ्या धातूसहि अशी रोजची निगा लागते. आमच्या शाळेंतील मुलामुलींनीं आपलें ताट आईपुढें सरकवून उठण्यापूर्वीं, शेफील्डच्या त्या बाटल्या धुणाऱ्या मुलाचें स्मरण करावें व तें स्वतः घासून, पुसून जागेवर ठेवावें. घासण्याच्या कामानें कोणाचेंहि थोरपण उणें होत नाहीं. आणि जिच्या हातांस वर्षानुवर्षें हें काम लागलेलें आहे, तिला तेवढाच विसांवा मिळतो.