बेकाराचा अर्ज आणि वि. स. पागे

पगारपत्रकावर दरमहा दिसणाऱ्या व्यवसाय कराच्या कपातीकडे शिक्षक वा कारकून सहसा त्रासिक नजरेनेच पाहतो. 1975 मध्ये हा कर बसला तो कोणाच्या कल्पनेला पैसा पुरवण्यासाठी, याचा विसर महाराष्ट्राला पडला आहे.

विठ्ठल सखाराम पागे यांचा जन्म 1910 साली आजच्या सांगली जिल्ह्यातील बागणी येथे झाला. वकिली, स्वातंत्र्यलढ्यातील कारावास, संतवाङ्मयाचा व्यासंग हे सारे त्या पिढीच्या रीतीस धरूनच होते. 1960 पासून 1978 पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीचे आसन मुख्यतः ऐकण्याचे; परंतु त्या आसनावर असतानाच त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे एक विचार मांडला. अंगमेहनतीस जो तयार आहे त्याला काम देणे शासनाने आपल्या शिरावर घ्यावे, असा तो विचार होता. तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात, त्याचा पहिला प्रयोग झाला.

ब्रिटनने 1911 मध्येच बेकारीचा विमा आणला होता. पण त्यासाठी मालक लागतो, वेतनातून कापलेली वर्गणी लागते, नोकरी सुटल्याचा दाखला लागतो. चार बांधांवर चार मालकांकडे राबणाऱ्या शेतमजुराला हा दाखला कोण देणार? पाग्यांचे उत्तर साधे होते. उन्हात खडी फोडण्यास जो येतो, त्याच्या गरजेची आणखी चौकशी करण्याचे कारण नाही.

1972 मध्ये योजना जाहीर झाली आणि लगेच दुष्काळाने तिला गिळले. 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे 50 लक्ष माणसे होती. त्या अनुभवानंतर योजना पुन्हा सुरू झाली, व्यवसाय करासह काही कर खास तिच्यासाठी बसवण्यात आले आणि जमेइतकीच भर शासनाने घालावी असे ठरले. शहरी पगारदाराने ग्रामीण मजुराच्या हमीचा भार उचलावा, ही तरतूद त्या काळी धाडसाचीच म्हटली पाहिजे.

1977 चा रोजगार हमी कायदा विधिमंडळाने एकमताने संमत केला. 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मुळशीतील चांदे गावचा मजूर असो की विदर्भातील, अठरा वर्षांवरील ग्रामस्थाने नाव नोंदवून काम मागावे. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास दिवसाला किमान 1 रुपया बेकारभत्ता शासनाने द्यावा, असे त्यात होते. रुपयाने त्या काळीही घर चालत नव्हते. भत्त्याचे खरे प्रयोजन प्रशासनाला दंड हेच होते: कामे तयार ठेवा, नाहीतर कामाविना पैसे मोजा.

मात्र दंड बसायचा तर मागणीची तारीख सिद्ध व्हावी लागते, आणि ती पोच देणे ज्यांच्या हाती होते त्यांनाच दंडाची धास्ती होती. अर्ज तोंडी ऐकून घेणे, पोच न देणे, पुढच्या आठवड्यात या म्हणणे, असे प्रकार घडत राहिले. परिणामी भत्ता फार थोड्यांच्या पदरी पडला. कायद्यातील हा कच्चा दुवा पाग्यांच्या हयातीत सांधला गेला नाही.

मार्च 1990 मध्ये ते निवर्तले. पुढे 2005 मध्ये संसदेने देशासाठी तसाच कायदा केला. त्यात पंधरा दिवसांची मुदत आली, बेकारभत्ता आला, आणि अर्जदारास तारखेची पोच देण्याचे बंधनही आले.