दुसरा हात

हिंगोलीत पहाटे बाहेर पडलं, की रस्त्याच्या कडेने पळणारी पोरं-पोरी दिसतात. कुणाला पोलीस भरती द्यायची असते, कुणाला आर्मी. या शहराचं आणि बंदुकीचं नातं तसं जुनंच. निझामाच्या काळात इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, आणि आज राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक 12 इथेच आहे. कॉलेजात एनसीसी करणारेही बरेच. या मंडळींचा एक वाद ठरलेला असतो. रायफलला पुढे कोणती ग्रिप बेस्ट? उभी, तिरकी, की काहीच नको? ट्रिगरवर नसलेला हात मॅगझिनजवळ ठेवायचा, की सरळ पुढे ताणायचा?

हा वाद घालताना एका मराठी शिपायाची गोष्ट माहीत असायला हवी. नाव नामदेव जाधव. जन्म 18 नोव्हेंबर 1921, गाव निमज, तालुका संगमनेर, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा. वयाच्या 23व्या वर्षी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रिटिशांच्या फौजेत शौर्यासाठी यापेक्षा मोठं पदक नव्हतं. आणि ते ज्या संध्याकाळच्या कामगिरीसाठी मिळालं, त्या संध्याकाळी त्यांची बंदूक अर्ध्या वाटेतच निकामी झाली होती. बंदूक बिघडली नव्हती, ती धरणारा हात जखमी झाला होता.

पलटणीचा रनर

नामदेव पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये शिपाई होते. हीच जंगी पलटण. दुसऱ्या महायुद्धात ही पलटण आठव्या इंडियन डिव्हिजनमध्ये होती आणि 1943च्या शरद ऋतूत ही डिव्हिजन इटलीत उतरली. इटलीचा नकाशा पाहिला तर पुढचं कळतं. मधोमध डोंगराची रांग आणि तिच्यातून समुद्राकडे जाणाऱ्या एकामागून एक नद्या. जर्मन फौज एक नदी सोडायची आणि पुढच्या नदीमागे मोर्चे बांधून बसायची. सांग्रो, मोरो, गारी अशा नद्या ओलांडत ही डिव्हिजन उत्तरेकडे सरकली.

नामदेवांचं काम रनरचं. म्हणजे कंपनी कमांडरसोबत राहायचं आणि त्याचा निरोप पुढच्या तुकड्यांना पळत जाऊन द्यायचा. वायरलेस बंद पडला तर रनर हाच वायरलेस. या कामात नाव होत नाही. रनर हा कमांडरचा दुसरा हात म्हणायला हरकत नाही.

टॉमीगन नावाचं ओझं

त्यांच्याकडे टॉमीगन होती, म्हणजे थॉम्पसन सबमशीनगन. जाड .45ची गोळी, मिनिटाला सहाशेच्या वर गोळ्या झाडण्याचा वेग, आणि वजन रिकामी असतानाच पाच किलोच्या जवळपास. हिचा बट मागे खाली झुकलेला असतो. त्यामुळे सलग गोळ्या सुटायला लागल्या, की बॅरलचं तोंड वर चढतं. पहिली गोळी निशाण्यावर, पाचवी आभाळात. हे तोंड दाबून धरायचं काम पुढच्या हाताचं.

गंमत म्हणजे ग्रिपचा वाद तेव्हाही होता. थॉम्पसनच्या सुरुवातीच्या मॉडेलला पुढे पिस्तुलासारखी उभी मूठ होती, बोटांसाठी खाचा पाडलेली. पुढे फौजेसाठी ज्या बंदुका बनल्या, त्यातल्या बऱ्याच बंदुकांना साधा आडवा लाकडी हँडगार्ड आला. उभ्या मुठीने ओढून धरायला जोर मिळतो, हे खरं. पण ती कपड्यात, झुडपात अडकते आणि बंदूक बांधावर टेकवायची म्हटलं तर मध्ये येते. आडवं लाकूड बनवायला सोपं, स्लिंग लावायला सोयीचं, आणि हात पुढे-मागे सरकवता येतो. दोन्हींत फायदा आहे आणि दोन्हींत तोटाही आहे. आज बाजारात मिळणाऱ्या उभ्या आणि तिरक्या ग्रिपचं गणित यापेक्षा फार वेगळं नाही.

9 एप्रिल 1945

त्या दिवशी सेनिओ नदीवर मोठा हल्ला सुरू झाला. नदी कसली, ओढाच. रुंदी 15 फूट, खोली चार-पाच फूट. आपली कयाधू पाहणाऱ्याला तर हसू येईल. पण दोन्ही काठांवर 30 ते 35 फूट उंच, उभ्या चढाचे पूरबांध होते. म्हणजे तीन मजली घराएवढी मातीची भिंत. त्या भिंतींत जर्मनांनी आतून बिळं पाडून मोर्चे केले होते आणि पूर्वेच्या बांधाच्या आतल्या उतारावर सुरुंग पेरले होते.

संध्याकाळी पलटणीची एक कंपनी पूर्वेच्या बांधावर चढली. तिच्या पाठोपाठ दुसरीने नदीत उतरून पश्चिमेचा बांध घ्यायचा, असं ठरलं होतं. नामदेव कमांडरबरोबर पाण्यातून पलीकडे निघाले, तोच गोळीबार सुरू झाला. तोही पाठीमागून. आत्ताच ओलांडलेल्या पूर्वेच्या बांधाच्या आतल्या बाजूला किमान तीन मशीनगन मोर्चे शाबूत होते. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. त्या टोळीतले बाकीचे सगळे जागीच गेले. धड उरले एकटे नामदेव.

अशा वेळी बंदूक हातात असलेला माणूस काय करेल? सिनेमातला हीरो आधी गोळ्या झाडेल. नामदेवांनी आधी एका जखमीला उचललं. त्याला घेऊन पाण्यातून, त्या उभ्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून ते पलीकडे सुरक्षित जागी गेले. मग परत आले आणि दुसऱ्याला घेऊन गेले. दोन्ही वेळा वरून मॉर्टर आणि मशीनगनचा मारा चालूच होता.

तिसऱ्यांदा ते बांध ओलांडून आले, ते मोर्चांसाठी. सगळ्यात जवळच्या मोर्चावर धावून जाऊन त्यांनी टॉमीगनने तो बंद पाडला. तेवढ्यात हाताला गोळी लागली.

इथे जरा थांबा. पाच किलोची बंदूक एका हाताने उचलता येते. पण ट्रिगर दाबायला एक आणि तोंड दाबून धरायला दुसरा, असे दोन हात असतील तरच तिचा उपयोग. त्यातला एक गेला, की ती बंदूक राहत नाही, ओझं होतं. अजून दोन मोर्चे जिवंत होते आणि विचार करायला वेळ नव्हता. नामदेवांनी टॉमीगन फेकून दिली आणि ग्रेनेड घेतले. त्या ग्रेनेडवर त्यांनी एकामागून एक उरलेले दोन्ही मोर्चे संपवले. मध्येच ग्रेनेड कमी पडले, तर सरपटत बांधाच्या माथ्यावर गेले आणि पलीकडच्या साथीदारांकडून आणखी घेऊन आले.

मशीनगन गप्प झाल्या. मग ते बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहिले. मॉर्टरचे गोळे पडतच होते. शिवाजी महाराजांचा जयघोष करत आणि हाताने इशारा करत त्यांनी मागे अडकलेल्या कंपन्यांना पुढे बोलावलं. पलटण पार झाली. त्याच दिवशी, त्याच नदीवर, त्याच डिव्हिजनच्या शिपाई अली हैदर यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 2 मे रोजी इटलीतलं युद्ध संपलं.

ज्याची त्याची मूठ

याच रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे, रायगडचे. 10 जुलै 1944 रोजी इटलीतच त्यांच्या सेक्शनमधले सगळे पडले, तेव्हा ते एकटे मशीनगनवर धावून गेले. टॉमीगनचं मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक बॅरलकडून धरली आणि तिचा सोटा केला. मोर्चा घेतला, पण तिथेच त्यांना मरण आलं. एकाने बंदूक उलटी धरली, दुसऱ्याने सोडून दिली. ठरलेली पकड चालेना, तेव्हा दोघेही तिच्यात अडकून बसले नाहीत.

मग पकड शिकायचीच नाही का? उलट आहे. फौजी निशाणेबाजीची पहिली दोन तत्त्वं पकडीबद्दलच आहेत. पोझिशन आणि पकड शस्त्र पेलण्याइतकी पक्की हवी, आणि जोर न लावता शस्त्र आपोआप निशाण्याकडे वळलेलं हवं. म्हणून रेंजवर पडून गोळी मारताना पुढच्या हाताची कोपर रायफलच्या जवळजवळ खाली आणा, म्हणजे वजन हाडं घेतात, स्नायू थकत नाहीत. हँडगार्ड तळव्यात टेकू द्या, आवळू नका. आवळलेली मूठ थरथरते. उस्तादाच्या देखरेखीखाली, रिकाम्या रायफलवर डोळे मिटून एक श्वास सोडा आणि डोळे उघडा. बॅरल बाजूला गेलेलं दिसलं, तर हाताने ओढू नका, अंग सरकवा.

हात पुढे ताणून धरायची पद्धत पटकन एकावरून दुसऱ्या निशाण्याकडे वळताना कामाची, पण खांदा लवकर भरून येतो. उभी ग्रिप सलग फायरला ठीक, पडून मारताना जमिनीला लागते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या प्रकारात ब्राँझ जिंकलं, त्यात गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून, अशा तीन पोझिशन असतात. प्रत्येक पोझिशनला पुढच्या हाताची बसण बदलते. आधी हात कुठे नीट बसतो ते शोधा, ग्रिप नंतर. उलटं केलं, की पैसे जातात आणि ग्रुपिंग तसंच राहतं.

नामदेव पुढे हवालदार झाले. 1984 मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. ज्यांचं पदक त्यांच्या छातीवर होतं, ते राज्य दोन वर्षांतच इथून गेलं आणि त्यांची पलटण स्वतंत्र भारताची झाली. तुमच्यातलं कुणी उद्या त्या रेजिमेंटमध्ये गेलं, तर सेनिओची गोष्ट तिथे ऐकायला मिळेलच. ऐकताना क्रम लक्षात ठेवा. त्या संध्याकाळी त्यांच्या दोन्ही हातांनी पहिलं काम केलं, ते दोन जखमी साथीदारांना उचलण्याचं. बंदुकीची पाळी त्यानंतर आली.