हाफकिन आणि प्लेगचा जंतू

नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या वारंगा फाट्यावर उतरलात, तर तेथील गरम खिचडी जरूर खा. सोबत कढी मिळाली, तर तिच्यावर थोडे पातळ तूप सोडून पाहा. ते बुडत नाही. त्याचे गोल ठिपके वर तरंगत राहतात. अशाच तुपाच्या ठिपक्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत एका शास्त्रज्ञाला मोठी मदत केली.

त्यांचे नाव वाल्डेमार हाफकिन. त्यांचा जन्म १८६० साली ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर आज युक्रेन देशात आहे. पुढे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तेथे त्यांना आधी ग्रंथालयातले काम मिळाले. जंतूंचा अभ्यास ते उरलेल्या वेळात करीत. १८९२ साली त्यांनी पटकीची लस तयार केली आणि ती स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. या रोगाला तुम्ही उर्दूत ताऊन म्हणता. जोराचा ताप येई, जांघेत किंवा काखेत गाठ येई आणि थोड्या दिवसांत माणूस दगावे. लोक शहर सोडून पळू लागले. ऑक्टोबरमध्ये सरकारने हाफकिन यांना बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्यावर त्यांनी काम सुरू केले.

प्लेगचा जंतू येर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधला होता. पण शोधलेला जंतू पुन्हा ओळखणेही सोपे नसते. सूक्ष्मदर्शकाखाली तो आखूड काडीसारखा दिसतो. रंग दिल्यावर त्याची दोन्ही टोके गडद होतात व मधला भाग फिका राहतो. असे दिसणारे दुसरेही जंतू आहेत. मग चंबूत वाढलेला जंतू प्लेगचाच, हे कशावरून ठरवायचे?

हाफकिन यांनी बोकडाच्या मांसाचा रस चंबूत भरला. त्यावर थोडे तूप सोडले, जंतू घातले आणि चंबू अजिबात न हलवता ठेवला. काही दिवसांनी तुपाच्या ठिपक्यांखाली पांढरे धागे लोंबू लागले, जणू झुंबराचे लोलकच! चंबू हलवला की ते गळून तळाशी बसत आणि तुपाखाली पुन्हा नवे धागे येत. ही खूण त्यांना पक्की वाटली. जंतू भरपूर वाढले की ते उष्णतेने मारून त्यांची लस करीत. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही प्रथम स्वतःला टोचली. लोकांना सुईची भीती वाटे. तेव्हा आगाखान यांनी स्वतः लस घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तूही दिली.

पण १९०२ साली पंजाबातील मलकोवाल गावी घात झाला. तेथे १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. त्या बाटलीत धनुर्वाताचा जंतू शिरला होता. तो कोठे शिरला? चौकशी समितीने मुंबईच्या प्रयोगशाळेला दोष दिला आणि हाफकिन यांचे काम काढून घेतले गेले. खरे तर गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. शिवाय धनुर्वाताचे जंतू वाढलेल्या लसीला घाण वास येतो. ही बाटली उघडताना तसा वास कोणाला आला नव्हता. एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला पाच वर्षे लागली! रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी वृत्तपत्रातून बाजू मांडली, तेव्हा कोठे १९०७ साली ते निर्दोष ठरले. ते भारतात परतले, पण मुंबईला नव्हे, कलकत्त्याला.

त्या जंतूचे नावही पुढे बदलले. पाश्चर यांच्या नावावरून त्याला पाश्चुरेला वर्गात बसवले होते. त्या वर्गातील इतर जंतूंशी तो जुळत नाही, असे दिसल्यावर १९४४ साली येर्सिन यांच्या नावाने येर्सिनिया हा वेगळा वर्ग सुचवला गेला. १९९४ साली आपल्या मराठवाड्यात, बीड जिल्ह्यात, प्लेगची बातमी आली, तेव्हाही जंतू नक्की कोणता यावर वाद झाला. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी जंतूंमधील डीएनए तपासला आणि २००० साली उत्तर प्रसिद्ध केले : येर्सिनियाच.

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन संस्था हे नाव मिळाले. तेव्हा हाफकिन दूर युरोपात राहत होते. १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.