वकिली सोडून बालमंदिरात

घरात बुद्धिमान मूल निपजले म्हणजे आमच्या लोकांस पहिली घाई होते ती त्याला वरच्या इयत्तेत ढकलण्याची. चार वर्षांच्या पोराकडून पाहुण्यांसमोर पाढे म्हणवून घ्यावे, शाबासकी मिळवावी, आणि पुढे त्याच मुलास पन्नास मुलांच्या वर्गात हाताची घडी घालून बसवावे, हा आमचा शिरस्ता. अशा मुलाच्या बुद्धीस काम काय द्यावे हा प्रश्न ज्यांनी जन्मभर सोडविला, ते गिजुभाई बधेका आमच्याच धंद्यातले होते. म्हणून त्यांचे चरित्र सांगण्यात आम्हांस विशेष संतोष वाटतो.

गिजुभाईंचा जन्म १८८५ साली सौराष्ट्रातील चितळ गावी झाला. १९०७ साली ते पोटासाठी पूर्व आफ्रिकेत गेले; परत येऊन मुंबईस कायदा शिकले व वढवाणास वकिली करू लागले. १९१३ साली त्यांस पुत्र झाला आणि याला शिकवावे कसे, या चिंतेने त्यांस घेरले. मोतीभाई अमीन यांनी त्यांस माँटेसोरीबाईंच्या पद्धतीची ओळख करून दिली, व १९१६ साली वकिलीवर पाणी सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. हातचे अशील सोडणे म्हणजे काय, हे आम्हां वकिलांस कोणी सांगावयास नको!

१९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर उघडले. त्या खोलीची मांडणीच पाहण्यासारखी असे. बाके नाहीत, मुलांच्या हातास पोहोचतील अशा फळ्यांवर साहित्य मांडलेले: लाकडी दट्टे, मोजावयाचे मणी, बोटाने गिरवावयाची खरखरीत अक्षरे. मुलाने हवे ते उचलावे, आसनावर नेऊन मन भरेपर्यंत करावे व जागेवर परत ठेवावे. लहानमोठी मुले एकत्र असल्यामुळे चलाख मुलाला इतरांसाठी खोळंबून राहावे लागत नाही, आणि मंद मुलाची फरफट होत नाही. हुशारांची निराळी खोली काढून बाकीच्यांस कमी लेखण्याची गरजच राहत नाही. छडी नाही, बक्षीसही नाही. बक्षिसाशिवाय मूल शिकते, हे व्यापारी वाचकांस पटणे कठीण. परंतु खेळणाऱ्या मुलाला मजुरी कोण देतो?

तथापि गिजुभाई आंधळे अनुयायी नव्हते. लहान मुलांस परीकथा सांगणे माँटेसोरीबाईंस मान्य नव्हते. गिजुभाईंनी मात्र लोककथा, लोकगीते व नाटके बालमंदिरात मुक्तहस्ते आणली, आणि आमच्या मते येथे गुरूपेक्षा शिष्याचेच बरोबर होते. लोक त्यांस प्रेमाने मिशाळ आई म्हणत. १९२३ साली राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक त्यांस येऊन मिळाल्या, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३२ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'दिवास्वप्न' प्रत्येक पंतोजीने वाचावे असे आहे.

१९३९ साली जून महिन्यात मुंबईस त्यांचे देहावसान झाले. एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. असले साहित्य व असली खोली गरिबाच्या वाट्यास सहसा येत नसे. जणू बुद्धी श्रीमंताघरीच जन्मते! ते काम ताराबाईंनी अंगावर घेतले. १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीस गेल्या, पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या वारली पाड्यांवर पोहोचल्या, आणि खोली नाही म्हणून अडून न बसता त्यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणातच भरविली.