रेव्हरंड गॉर्डन हॉल : पीक न पाहिलेला पेरणारा

काही दिवसांपूर्वी आम्ही भोकरदन तालुक्यातील धावडा या गावी गेलो होतो. त्या बाजूच्या खेड्यांतून सुवार्तेचे काम करणाऱ्या एका बंधूची तेथे भेट झाली. पुष्कळ वर्षे श्रम करूनही उपासनेस बसणाऱ्यांची संख्या वाढत नाही, तेव्हा आपले येथे राहणे व्यर्थ तर नव्हे ना, अशी शंका त्यांनी आम्हांजवळ काढली. त्या वेळी आम्ही त्यांस नीटसे उत्तर देऊ शकलो नाही. परत येताना मात्र मराठी देशात सुवार्तेसाठी देह ठेवणाऱ्या रेव्हरंड गॉर्डन हॉल यांची आठवण झाली. त्यांचे चरित्र हेच त्या शंकेचे उत्तर होय असे वाटल्यावरून ते आमच्या वाचकांकरिता येथे थोडक्यात देत आहो.

हॉलसाहेबांचा जन्म ८ एप्रिल १७८४ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात टॉलंड या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. विल्यम्स कॉलेजात त्यांचे शिक्षण होऊन १८०८ मध्ये ते पदवीधर झाले. याच कॉलेजातील काही विद्यार्थी १८०६ मध्ये एकदा वादळात सापडून गवताच्या गंजीच्या आडोशास बसले असता, ख्रिस्ताचे नाव ज्या देशांत ठाऊक नाही तेथे ते नेण्याविषयी त्यांनी प्रार्थना केली होती. तेथून जी ठिणगी पडली ती हॉल यांच्याही अंतःकरणास लागली. पुढे ते पाळकपणास योग्य ठरले, तेव्हा स्वदेशातील एका मंडळीने त्यांस बोलाविले. घर, मान व नेमलेले वेतन ही सर्व तेथे मिळणार होती. परंतु आपले काम दूर देशी आहे असे ठरवून त्यांनी ते बोलावणे नाकारले. परदेशांत मिशनरी पाठविण्याकरिता १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही संस्था स्थापन झाली, तिच्या स्वाधीन त्यांनी आपणांस केले. निघण्यापूर्वी फिलाडेल्फिया शहरी राहून त्यांनी काही काळ वैद्यकाचाही अभ्यास केला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचा संबंध पुढे येणार आहे.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावी पाच तरुणांस दीक्षा देण्यात आली. जडसन, न्यूएल, नॉट, राईस व हॉल ही त्यांची नावे. थोड्याच दिवसांत ते दोन जहाजांतून हिंदुस्थानाकडे निघाले. त्या काळी हा प्रवास पाच पाच, सहा सहा महिन्यांचा असे, आणि घरी पाठविलेल्या पत्राचे उत्तर येण्यास वर्ष लोटत असे. जो जाई तो आपल्या माणसांचा बहुधा कायमचाच निरोप घेई.

हॉलसाहेब कलकत्त्यास पोहोचले तो त्यांच्यासाठी दार बंद होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या परवानगीवाचून कोणाही मिशनऱ्यास तिच्या मुलखात राहता येत नसे. शिवाय ते समुद्रावर असतानाच इंग्लंड व अमेरिका यांच्यात युद्ध सुरू झाले होते, त्यामुळे अमेरिकन माणूस म्हणजे संशयाचा विषय झाला होता. परत जाण्याचा हुकूम झाला. तेव्हा हॉल व नॉट हे मुंबईस जाणाऱ्या एका जहाजावर चढले आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस उतरले. तेथील गव्हर्नर सर ईव्हन नेपियन हे धर्मशील गृहस्थ होते व त्यांची या दोघांवर मर्जी होती. परंतु कलकत्त्याहून आलेल्या हुकुमापुढे त्यांचाही इलाज चालेना. दोघांस विलायतेस पाठवून देण्याचे ठरले. हे कळताच ते कोणास न कळविता मुंबईहून निघाले व कोचीनपर्यंत गेले. पण तेथून त्यांस पुन्हा मुंबईस आणण्यात आले.

त्यांचे हे गुपचूप जाणे गव्हर्नरसाहेबांस रुचले नाही, आणि आम्हांसही ते सर्वस्वी योग्य होते असे म्हणवत नाही. ज्याने विश्वास ठेवला त्याला त्यामुळे अडचण सोसावी लागली. हॉलसाहेबांचे मोठेपण त्यानंतर दिसून येते. त्यांनी गव्हर्नरसाहेबांकडे अर्ज करून आपली बाजू सरळपणे व नम्रतेने मांडली. शस्त्र नाही, पैसा नाही, राजकारण नाही. लोकांस देवाचे वचन सांगावे एवढाच आपला हेतू आहे, असे त्यांनी कळविले. वर्षअखेर त्यांस मुंबईत राहू देण्यात आले. त्याच १८१३ सालच्या कायद्याने मिशनऱ्यांस हिंदुस्थानात येण्याची वाटही मोकळी झाली.

राहण्यास जागा मिळाली, आता खरे काम पुढे होते. नॉटसाहेब आजारी पडून १८१५ मध्ये स्वदेशी परतले. न्यूएलसाहेब लंकेवरून येऊन हॉल यांस मिळाले होते. त्यांची तरुण पत्नी हॅरिएट ही १८१२ मध्येच मॉरिशस बेटावर वयाच्या १९ व्या वर्षी वारली होती. हॉलसाहेबांनी मराठी भाषेचा कसून अभ्यास केला आणि ते बाजारात, रस्त्यांवर व देवळांजवळ जमणाऱ्या लोकांशी त्यांच्याच बोलीत बोलू लागले. शाळा निघाल्या. १८१६ मध्ये छापखान्याचे काम जाणणारे बार्डवेलसाहेब आले आणि १८१७ च्या मार्च महिन्यात मिशनच्या छापखान्यातून पवित्र शास्त्रातील वचनांची आठ पानांची मराठी पुस्तिका बाहेर पडली. श्रीरामपूर येथे डॉ. केरी यांनी मराठी नवा करार त्याआधीच छापला होता. परंतु ज्या लोकांची ही भाषा, त्यांच्यामध्ये राहून, त्यांच्या तोंडचे शब्द ऐकून भाषांतर करावे असे या मंडळींनी मनात धरले. १८२४ मध्ये मुंबईत मुलींकरिताही त्यांची शाळा सुरू झाली. मुलीने शिकावे ही गोष्ट तेव्हा पुष्कळांस नवलाची वाटे.

इतके झाले, पण पीक? ज्यांनी उघडपणे ख्रिस्तास पत्करले अशी माणसे त्या वर्षांत अगदी थोडी. ऐकणारे ऐकत, वाद घालीत, पुस्तके घेत आणि आपल्या वाटेने जात. अमेरिकेतील मंडळ्या वर्गणी पाठवीत व फळाची बातमी विचारीत. हॉलसाहेबांनी ती कधी फुगवून लिहिली नाही. उलट न्यूएल यांच्या साहाय्याने त्यांनी एक ग्रंथ रचला. तो १८१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. सर्व जगाला सुवार्ता पोहोचविण्याचे ऋण मंडळीवर आहे, हे त्यांनी त्यात हिशोबाने दाखवून दिले. ज्याच्या हाती स्वतःचे फळ फारसे नव्हते तो इतरांस शेतात बोलावीत होता!

घरातही परीक्षा कमी नव्हती. त्यांचा विवाह १८१६ मध्ये मुंबईतच मार्गारेट लुइस या बाईंशी झाला होता. १८२१ मध्ये सोबती न्यूएल पटकीने एकाएकी वारले. १८२५ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव मार्गारेटबाई दोन लहान मुलग्यांस घेऊन अमेरिकेस निघाल्या. हॉलसाहेब कामाकरिता मागे राहिले. त्या दोन मुलांपैकी एक समुद्रावरच मरण पावला. धाकटा गॉर्डन जगला व पुढे पाळक झाला. पण पित्याचे दर्शन त्याला पुन्हा घडले नाही. हे मोल हॉलसाहेबांनी एकट्यानेच दिले नाही, त्यांच्या पत्नीने व लेकरांनीही दिले. मिशनऱ्यांची चरित्रे वाचताना हे विसरू नये.

२ मार्च १८२६ रोजी हॉलसाहेब दोन ख्रिस्ती मुलांस सोबत घेऊन मुंबईहून नाशिक व त्र्यंबकाकडे निघाले. नाशिकास पोहोचले तो गावात पटकीचा कहर चालू होता व एकेका दिवसात शेकडो माणसे मरत होती. ही साथ १८१७ मध्ये बंगाल्यात उसळून सर्व देशभर पसरली होती. पटकीत शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने निघून जातात आणि ते तोंडाने किंवा शिरेतून परत भरले तर रोगी वाचतो, हे आज आपण जाणतो. तेव्हा हे ज्ञान नव्हते. हॉलसाहेबांनी आपल्या जवळची औषधे आजाऱ्यांस वाटण्यास आरंभ केला. फिलाडेल्फियात मिळविलेली विद्या त्या दिवसांत कामास आली. औषधे व पुस्तके जवळजवळ संपली तेव्हाच ते परत फिरले.

१९ मार्चच्या रात्री वाटेवरील एका लहान खेड्यात ते मुक्कामास आले व तेथील देवळाच्या ओसरीवर चटई टाकून निजले. पहाटे चारच्या सुमारास पुढे निघण्यास उठले तो पटकीने त्यांस गाठले. स्वतःकरिता औषध जे उरले होते ते फारच थोडे, आणि घेतलेले पोटात राहिले नाही. आपण वाचत नाही हे त्यांनी ओळखले. मुलांस काय करावे ते सांगितले, पत्नी व लेकरांकरिता आणि या देशाच्या लोकांकरिता प्रार्थना केली, देवाचे गौरव केले, आणि सुमारे आठ तासांच्या दुखण्यानंतर २० मार्च १८२६ रोजी दुपारी त्यांचा प्राण गेला. वय ४२ पूर्ण होण्यास काही दिवस उणे होते. त्या दोन मुलांनी त्यांस घोंगडीत गुंडाळून, पेटीवाचून, तेथेच पुरले. ज्या लोकांस सांगावयास ते आले त्यांच्याच देवळाच्या छायेखाली त्यांस शेवटची विश्रांती मिळाली, हेही आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

ज्या नव्या कराराच्या भाषांतरासाठी ते झिजले तो त्याच १८२६ सालात मुंबईस छापून पूर्ण झाला. पाच वर्षांनी, १८३१ मध्ये, त्यांच्या मिशनचे काम अहमदनगरास सुरू झाले आणि पुढे त्या जिल्ह्यातील खेड्याखेड्यांतून मंडळ्या उभ्या राहिल्या. आमच्या जालन्याकडे सुवार्ता आणणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री हे स्कॉटिश मिशनचे. १८४३ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतलेले हे गृहस्थ आपले घरदार मागे ठेवून तेव्हाच्या निजामाच्या मुलखात आले आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल वसविले. मिशन निराळे, पण शेत एकच. परक्या देशाहून आलेल्यांनी पेरले, आणि पुढे याच भूमीच्या लेकरांनी नांगरास हात घातला.

धावड्याकडील आमच्या बंधूस आता आम्ही असे सांगू इच्छितो. हॉलसाहेबांनी या देशात तेरा वर्षे काढली. त्या खेड्यातील सकाळी कोणी त्यांचा हिशोब केला असता तर दोन रडणारी मुले, एक रिकामी औषधपेटी व एक अनोळखी कबर, इतकीच त्यांची जमा दिसली असती. गव्हाचा दाणा भूमीत पडल्यावर जे घडते ते पेरणाऱ्यास दिसत नाही, हे प्रभूने आधीच शिकविले आहे. उपासनेस चार माणसे बसोत वा चाळीस, आपल्या जवळचे औषध आजाऱ्यास देऊन संपले की नाही, एवढेच आपणांस विचारले जाईल. बंधो, आपण तेथे राहिला आहात याबद्दल आम्ही देवाचे उपकार मानतो. वाचकहो, अशा दूर खेड्यात एकट्याने काम करणारा सेवक आपल्या ओळखीचा असेल, तर या आठवड्यात त्याच्या घरी जावे व त्याच्याबरोबर प्रार्थना करावी, अशी आमची विनंती आहे.