टोलनाक्याच्या रांगेवर डोकं लढवलं आणि कोडिंगची रीतच बदलली

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की खेड शिवापूरचा टोलनाका लागतो. रांगेत ट्रक असतो, एसटी असते, कारही असते. रांगेला त्याचं काही पडलेलं नसतं. पुढे सरकता येतं ना? मग लागा रांगेत!

ही साधी गोष्ट कॉम्प्युटरला समजावणं मात्र सोपं नव्हतं. ते ज्या दोघांनी करून दाखवलं, त्यांतले एक म्हणजे क्रिस्टन नीगार्ड.

नीगार्ड यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२६ चा, ऑस्लोचा. शिक्षण गणिताचं. १९४८ पासून ते नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत होते आणि १९६० मध्ये नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये आले. खऱ्या जगातलं काम आणि वाहतूक कॉम्प्युटरवर हुबेहूब कशी चालवून बघायची, याचा त्यांना ध्यास होता. त्यासाठी सहकारी ओले-योहान डाल यांच्यासोबत त्यांनी 'सिम्युला' ही भाषा तयार केली.

पण एक अडचण होती. समजा, पुलावर टोलनाका आहे आणि रांगेत ट्रक आणि बस आहेत. दोघांची कामं वेगळी, पण रांगेत थांबणं सारखंच. मग तेच कोड दोनदा का लिहायचं?

उत्तर 'सिम्युला ६७' मध्ये मिळालं. जे सामाईक आहे ते एका क्लासमध्ये ठेवायचं, ट्रक आणि बस त्याचे सबक्लास. रांगेचं कोड फक्त सामाईक भागाशी बोलणार. शिवाय व्हर्च्युअल प्रोसीजर आली, म्हणजे हुकूम एकच, पण तो पाळायची पद्धत ज्याची त्याची.

पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मुलं ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग शिकतात, त्याचं मूळ हेच. इंटरफेस या कल्पनेचं बीसुद्धा इथलंच.

याचा रोजच्या कामात फायदा काय? जावात १९९८ पासून लिस्ट हा इंटरफेस आहे. ॲरेलिस्ट आणि लिंक्डलिस्ट हे त्याचे प्रत्यक्ष क्लास. तुमच्या फंक्शनने ॲरेलिस्टच मागितली, तर उद्या दुसरी यादी वापरायची वेळ आल्यावर पन्नास ठिकाणी कोड बदलत बसावं लागेल. फक्त लिस्ट मागितली, तर बदल होतो जिथे यादी तयार होते तिथेच. अर्थात, आतली यादी कोणती हे विसरून चालत नाही. लिंक्डलिस्टमधला हजारावा घटक काढायचा, तर एकेक कडी ओलांडतच जावं लागतं. इंटरफेस वेग वाढवत नाही, बदल सोपा करतो.

नीगार्ड प्रयोगशाळेत अडकून राहिले नाहीत. १९७० च्या दशकात त्यांनी नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेसोबत काम केलं. कारखान्यात कॉम्प्युटर येणार असेल, तर तो काय करतो हे कामगाराला कळलं पाहिजे आणि त्यावर बोलण्याचा हक्कही मिळाला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. कोडमध्ये आतलं झाकायला शिकवणारा हा माणूस कारखान्यात मात्र सगळं उघड करा म्हणून झगडला. पुढे युरोपियन युनियनमध्ये जाण्याविरुद्धच्या मोहिमेचंही त्यांनी नेतृत्व केलं. १९९४ च्या सार्वमतात नॉर्वेने नकारच दिला.

डाल आणि नीगार्ड यांना २००१ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. २९ जून २००२ ला डाल गेले. सहा आठवड्यांनी, १० ऑगस्टला, नीगार्डही गेले.

पुढच्या वेळी टोलच्या रांगेत अडकलात, तर आजूबाजूची वाहनं जरा बघा. नीगार्ड आणि डाल यांना अशाच रांगेने कामाला लावलं होतं.