टेबलावरचा पिस्टन

मोटारीच्या इंजिनात पेट्रोलचा भडका उडतो तेव्हा त्याचा तडाखा झेलतो तो पिस्टन. सिलिंडरमध्ये तो मिनिटाला हजारो वेळा वर-खाली धावतो. हा पिस्टन कोणत्या धातूचा असावा, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाने एका माणसाच्या आयुष्याला दिशा दिली. तो माणूस म्हणजे इंग्लंडमधील नामवंत मोटारनिर्माते वॉल्टर ओवेन बेंटली.

त्यांचा जन्म 16 सप्टेंबर 1888 रोजी लंडनमधील हॅम्पस्टेड येथे झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. लहानपणापासून त्यांना आगगाडीच्या इंजिनांचे वेड होते. सोळाव्या वर्षी डॉनकास्टर येथील ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात ते उमेदवार म्हणून दाखल झाले आणि पाच वर्षे हातात हत्यारे धरून काम शिकले. पुढे इंजिनावर फायरमन म्हणूनही त्यांनी काम केले. लंडन ते लीड्स आणि परत, अशा सुमारे 400 मैलांच्या एका दिवसात त्यांनी फावड्याने सात टन कोळसा भट्टीत टाकला होता!

1912 मध्ये त्यांनी भावासोबत लंडनमध्ये डी.एफ.पी. या फ्रेंच मोटारी विकण्याचा व्यवसाय सुरू केला. या मोटारींचे इंजिन लहान होते. शर्यतीत नाव मिळवायचे तर त्यातून अधिक शक्ती काढणे भाग होते. पण इंजिन फार वेगाने फिरवले की बिडाचे जड पिस्टन तो ताण सोसत नसत. अशात 1913 मध्ये बेंटली फ्रान्समधील डी.एफ.पी.च्या कारखान्यात गेले. तेथे टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेले एक वजन त्यांना दिसले. ते ॲल्युमिनियमचे होते आणि त्याचा आकार चक्क पिस्टनचा होता.

कारखान्यातल्यांना ती नुसती शोभेची वस्तू वाटत होती. त्यांची शंका चुकीची नव्हती. ॲल्युमिनियम सुमारे 660 अंश सेल्सिअसला वितळते आणि तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये जाम झाला तर इंजिनच निकामी. पण बेंटलींनी दुसरी बाजूही पाहिली. ॲल्युमिनियमचे वजन बिडाच्या निम्म्याहूनही कमी असते आणि ते उष्णता फार लवकर वाहून नेते, म्हणून पिस्टनचा माथा कमी तापतो. शुद्ध ॲल्युमिनियम मऊ, म्हणून त्यांनी 88 भाग ॲल्युमिनियम आणि 12 भाग तांबे अशा मिश्रधातूचे पिस्टन ओतवून घेतले. प्रयोग यशस्वी झाला. ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर त्यांच्या छोट्या गाडीने वेगाचे विक्रम केले. गाडी एवढी पळते कशी, हे प्रतिस्पर्ध्यांना उमगेना आणि बेंटलींनीही ते गुपित जपले.

1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. विमानांच्या इंजिनांना हलके आणि भरवशाचे पिस्टन हवे होते. हे गुपित म्हणजे बेंटलींच्या धंद्याचे भांडवल होते. तरीही त्यांनी नौदलाकडे जाऊन ते उघड केले, आणि नौदलाच्या सांगण्यावरून रोल्स-रॉइस व सनबीम या कंपन्यांच्या अभियंत्यांनाही समजावून दिले. वैमानिकांचे प्राण त्यावर अवलंबून होते. नंतर त्यांनी स्वतः रचलेले बी.आर.1 हे इंजिन सॉपविथ कॅमल विमानांत बसवले गेले. युद्धानंतर सरकारने त्यांना 8000 पौंडांचे पारितोषिक दिले.

1919 मध्ये त्यांनी बेंटली मोटर्स ही कंपनी काढली. फ्रान्समधील ल मान्स येथील 24 तासांची शर्यत त्यांच्या मोटारींनी 1924 मध्ये आणि पुढे 1927 ते 1930 अशी सलग चार वर्षे जिंकली. पण पैशाचे गणित कधीच जुळले नाही. जागतिक मंदीत, 1931 मध्ये, कंपनी बुडाली आणि ती विकत घेतली रोल्स-रॉइसने! ज्यांना त्यांनी आपली विद्या दिली, त्यांच्याच हाती त्यांचे नाव गेले. तरी ते खचले नाहीत. 1935 मध्ये ते लगोंडा कंपनीत गेले आणि नवी इंजिने रचू लागले. 13 ऑगस्ट 1971 रोजी त्यांचे निधन झाले.

जुन्या मोटारीचे इंजिन पुन्हा बांधणाऱ्या कारागिरापुढे आजही तोच प्रश्न असतो. नवा पिस्टन हलका आहे एवढ्यावर भागत नाही. त्याची धातू तापल्यावर किती फुगेल, सिलिंडर व पिस्टन यांत किती फट ठेवावी आणि सर्व पिस्टनांचे वजन सारखे आहे का, हे त्याला पाहावे लागते. मित्रहो, टेबलावरचे ते वजन रोज कितीतरी जण पाहत असतील. बेंटलींनी मात्र ते पाहून धातूचे गुण आणि दोष दोन्ही तोलले, आणि वेळ आली तेव्हा हाती आलेले ज्ञान मोकळ्या मनाने देऊन टाकले. कंपनी त्यांच्या हातून गेली, पण ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पिस्टन आज रस्त्यावरच्या बहुतेक मोटारींत धावत आहेत.